पॅड नवे, पण पिन जाम

ब्रेक पॅड बदलायला अर्धा तास पुरतो. अट एवढीच की कॅलिपर उघडला पाहिजे. तीन-चार पावसाळे काढलेल्या मोटरसायकलची पॅड पिन जागची हलत नाही, अ‍ॅलन की नुसती सटकते, आणि जोर लावून लावून पिनचं डोकं गोल होऊन बसतं. गॅरेजवाला घाईत असेल तर जुन्याच पॅडांवर पॉलिश पेपर मारून ‘अजून दोन महिने चालतील’ म्हणतो आणि गाडी परत देतो. म्हणून इथे पॅडांबद्दल थोडं आणि अडकलेल्या पिना, पिस्टन, बोल्ट यांच्याबद्दल जास्त लिहितो आहे. हे काम ताकदीपेक्षा क्रमाचं आहे. आधी सफाई, मग तेल, मग ठोके, मग उष्णता आणि जोर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की पिन तुटते, आणि तुटलेली पिन काढणं हे जाम पिन काढण्यापेक्षा दसपट कठीण असतं.

आपल्याकडच्या १२५ ते २०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे एक डिस्क आणि तिच्यावर सरकता कॅलिपर असतो. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो त्याच्या बाजूचं पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच दाबाने अख्खा कॅलिपर दोन स्लाइड पिनांवर सरकून समोरचं पॅड डिस्कला आणून टेकवतो. म्हणजे मोकळं सरकायला हवं अशा जागा तीन झाल्या: पिस्टन, स्लाइड पिना आणि पॅड पिनवर सरकणारी पॅडं. यातलं काय अडलंय ते जुनी पॅडंच सांगतात, म्हणून ती काढल्या काढल्या फेकू नका. पिस्टनच्या बाजूचं पॅड पत्र्यापर्यंत झिजलंय आणि समोरचं निम्मं शिल्लक आहे, तर स्लाइड पिना जाम आहेत. एकच पॅड पाचरीसारखं तिरकं झिजलंय, तर ते पॅड एका टोकाला धरलं गेलंय किंवा दोन स्लाइड पिनांपैकी एक अडकली आहे. दोन्ही सारखी झिजली आहेत पण ब्रेक सोडल्यावरही चाक अडखळतं, तर बहुतेक पिस्टन मागे येत नाही.

गंज सगळीकडे सारखा नसतो. कॅलिपर अ‍ॅल्युमिनियमचा आणि पिन पोलादाची. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओल आली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि पिनला चहूबाजूंनी आवळते. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया फार वेगाने होते. म्हणून हर्णै, रत्नागिरी, मालवणकडच्या गाड्या पुण्या-नाशिकच्या गाड्यांपेक्षा लवकर जाम होतात. त्यातही मागे मासळीचे क्रेट बांधून फिरणाऱ्यांच्या गाड्यांचे हाल जास्त. बर्फाचं खारट पाणी दिवसभर ठिबकत मागच्या चाकावर उतरतं, आणि मागे डिस्क असेल तर तो कॅलिपर पांढरा पडतो. अशी गाडी रोज संध्याकाळी मागच्या बाजूने साध्या पाण्याने धुतली तरी कॅलिपरचं आयुष्य वाढतं. मात्र धुऊन झाल्यावर गाडीला चकाकी यावी म्हणून जे डिझेल किंवा तेल मारतात, ते चाकांच्या जवळपास अजिबात येऊ देऊ नका.

पॅड पिन

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. पॅड पिन ढिली करायची ती कॅलिपर गाडीवर असतानाच. कॅलिपर दोन बोल्टांनी फोर्कला घट्ट धरलेला असतो, गाडीचं वजन मागे असतं, त्यामुळे तुमचा सगळा जोर पिनवर जातो. एकदा कॅलिपर सोडून हातात घेतला की तो धरायचा कशाने? वाइसमध्ये आवळला तर वाकण्याची भीती, मांडीवर धरला तर की सटकून हातात घुसते. शिवाय ब्रेकच्या होजला हिसके बसतात ते वेगळेच.

काही गाड्यांत पिनच्या तोंडावर चपट्या खाचेचं एक छोटं बूच असतं. ते नाजूक असतं. खाचेच्या पूर्ण रुंदीचा स्क्रूड्रायव्हर लावा, त्याच्या मुठीवर एक हलका ठोका द्या आणि मग फिरवा. बूच निघालं की आत पिनचं षटकोनी भोक दिसतं. ते बहुधा चिखल आणि ब्रेकच्या धुळीने ठासून भरलेलं असतं. माझ्या मते निम्म्या पिना इथेच वाया जातात. भोक तळापर्यंत साफ नसेल तर की वरच्या दोन-तीन मिलिमीटरवरच टेकते आणि कडा खाऊन टाकते. दाभण किंवा बारीक खिळा घ्या आणि सहाही कोपरे खरवडून काढा. तोंडाने फुंकू नका, ती धूळ फुफ्फुसात जाण्यासारखी नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने काढा. मग नवी, कडा न झिजलेली, योग्य मापाची की लावा. बऱ्याच गाड्यांत ती ५ मिमीची असते. घरातल्या वाकड्या एल आकाराच्या कीपेक्षा सॉकेटवर बसणारा अ‍ॅलन बिट केव्हाही चांगला. बिट बसवून हातोडीने दोन-तीन सरळ ठोके द्या. याने बिट तळाला टेकतो आणि आट्यांतला गंज हादरून सुटायला लागतो.

तरी हलली नाही तर थांबा. पिन जिथे कॅलिपरमध्ये शिरते त्या सांध्यावर रस्टोलीन किंवा डब्ल्यूडी-४० मारा, पण आधी डिस्कवर प्लास्टिकची पिशवी आणि जुनं फडकं गुंडाळा. तेल आट्यांत झिरपायला वेळ लागतो. संध्याकाळी मारा, झोपण्याआधी पुन्हा मारा, पिनवर चार ठोके द्या आणि सकाळी कामाला लागा. एका रात्रीने जे होतं ते दोन फुटी पाइप लावून होत नाही. सकाळी पहिला प्रयत्न पिन सोडवण्याचा करू नका, कसण्याचा करा. अगदी केसभर कसा, मग उलटी फिरवा. गंज कोणत्या का दिशेने होईना, एकदा तुटला की पिन सुटते. सुटायला लागली की सलग फिरवत सुटू नका. पाव फेरा बाहेर, थोडी आत, पुन्हा तेल, पुन्हा पाव फेरा बाहेर. ती भुकटी आट्यांतून मोकळी होऊ द्यावी लागते, नाहीतर पिन अर्ध्यात पुन्हा धरते आणि कॅलिपरचे आटेही घेऊन येते.

इथेही दाद दिली नाही तर उष्णता. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. किटलीभर उकळतं पाणी पिनच्या बाजूच्या भागावर सावकाश ओतलं आणि कॅलिपर ७० अंशांनी तापला, तर १० मिमीच्या भोकात पिनपेक्षा जेमतेम ०.००८ मिमी जास्त जागा होते. आकडा हास्यास्पद वाटेल, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुष्कळ असतं. हॉट एअर गन असेल तर तीही चालते. पिनभोवतीच फिरवा, होज आणि रबरांपासून लांब ठेवा. गॅसचा बर्नर किंवा वेल्डिंगची ज्योत मात्र नको. आतले सील जळतात, ब्रेक ऑइल पेट घेऊ शकतं, आणि कॅलिपरवर क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर तापल्यावर त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू निघू शकतो. म्हणून क्लीनर मारला असेल तर तो पूर्ण वाळल्याशिवाय कोणतीही उष्णता देऊ नका.

डोकं आधीच गोल झालं असेल तर किंचित मोठा टॉर्क्स बिट घ्या आणि हातोडीने भोकात ठोकून बसवा. त्याची धारदार टोकं मऊ झालेल्या कडांत रुततात आणि बहुतेक वेळा पिन सुटते. डोकं बाहेर दिसत असेल तर छिन्नीने काठावर खाच पाडून उलट्या दिशेने ठोकत फिरवता येतं. याच्या पुढची पायरी म्हणजे ड्रिल मारून ईझी आउट घालणं. ते घरी करू नका असंच मी सांगेन. ईझी आउट कडक पोलादाचा असतो, तो आत तुटला तर साध्या ड्रिलने त्याला ओरखडाही पडत नाही. अशा वेळी कॅलिपर उतरवून चांगल्या लेथवाल्याकडे न्या. तो पिनच्या डोक्यावर नट वेल्ड करून ती अलगद काढेल, आणि त्या वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मं काम होईल. अर्थात त्याआधी पिस्टन आणि सील काढलेले हवेत.

काही कॅलिपरांत पिनला आटे नसतात. ती क्लिपने अडकवलेली असते आणि ठोकून काढायची असते. क्लिप काढा, पिनचं जाड टोक कोणतं ते पाहा आणि विरुद्ध बाजूने पिनपेक्षा बारीक पंच लावून ठोका. पंच नसेल तर टोक कापून सपाट केलेला लांब खिळा चालतो.

पिन हातात आली की ती उजेडात धरून बोटांनी चाचपा. पॅडं जिथे लटकतात तिथे दोन खाचा पडलेल्या असतात. नखाला त्या लागल्या तर ती पिन पुन्हा वापरू नका. नवी पॅडं त्या खाचांत अडकतात आणि ब्रेक सोडल्यावर डिस्कपासून सुटत नाहीत. पॅडांच्या खर्चापुढे पिनची किंमत किरकोळ आहे. दुकानात पॅड घेतानाच पिन आणि बूच मागून घ्या.

पॅडं आणि पिस्टन

पॅडं कधी कधी पिन काढूनही निघत नाहीत. त्यांच्या पत्र्याचे कान ब्रॅकेटच्या खोबणीत गंजून बसलेले असतात. स्क्रूड्रायव्हरने डिस्कवर टेकू घेऊन उचकटू नका. कानावर बाजूने ठोके द्या, तेल मारा, पॅड मागेपुढे हलवत काढा. खोबणीतली स्टीलची पातळ पट्टीही काढून पाहा. तिच्याखाली साठलेला गंज पट्टीला वर उचलतो आणि पॅडाला जागा उरत नाही. तो तारेच्या ब्रशने आणि बारीक कानशीने काढा. नवं पॅड खोबणीत बोटाने सहज सरकलं पाहिजे. अडत असेल तर पॅडाच्या कानावरचा जादा रंग कानशीने हलकेच काढा.

आता पिस्टन. नवी जाड पॅडं बसवायची म्हणजे पिस्टन मागे ढकलावा लागणार. पण घाणीने माखलेला पिस्टन तसाच आत ढकलणं ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी घाई आहे. बाहेर आलेल्या भागावर चिखल आणि गंजाचा थर असतो. तो सीलमधून आत गेला की सील खरवडला जातो, आणि नवी पॅडं बसवल्यावर महिन्याभरात ब्रेक धरायला लागतो. होज जोडलेलाच ठेवा, पॅडांच्या जागी एक लाकडी फळकुट धरा आणि लीव्हर हळू दाबत पिस्टन आणखी चार-पाच मिलिमीटर बाहेर आणा. पूर्ण बाहेर येऊ देऊ नका. मग जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने त्याची पुढची बाजू घासा. मागची बाजू ब्रशला लागत नाही, तिथे बुटाची नाडी ब्रेक ऑइलमध्ये भिजवून पिस्टनभोवती एक वेढा द्या आणि दोन्ही टोकं आळीपाळीने ओढा. काळा थर निघून चकचकीत धातू दिसेपर्यंत हे करा. चकचकीत भागावर नखाला लागतील असे खड्डे असतील तर पिस्टनच बदलायला हवा.

दोन पिस्टनांच्या कॅलिपरात नेहमी एक सरकतो आणि एक बसून राहतो. सरकणाऱ्याला क्लॅम्पने अडवून धरा आणि मग लीव्हर दाबा. सगळा दाब अडकलेल्याकडे जातो आणि तो हलतो. ब्रेकचा हा हायड्रॉलिक दाब हेच पिस्टन सोडवायचं सगळ्यात चांगलं हत्यार आहे, म्हणून पिस्टन जाम दिसला की होज सोडायची घाई करू नका. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा कॅलिपरच्या भोकात मारून पिस्टन उडवण्याची पद्धत सर्रास दिसते. कृपा करून ते करू नका. पिस्टन सुटतो तो बंदुकीच्या गोळीसारखा, आणि वाटेत बोटं असतात. पिस्टनची बाहेरची बाजू पकडीने धरायचीही नाही. एकच ओरखडा पडला की तिथून ऑइल गळतं.

मागे ढकलताना आधी मास्टर सिलिंडरचं झाकण उघडा आणि आतलं ऑइल वर चढून सांडणार नाही एवढं काढून घ्या. ते रंगावर सांडलं तर रंग उचलून काढतं, लगेच भरपूर पाणी ओता. झाकणाचे दोन स्क्रू हे आणखी एक जाम होणारं ठिकाण. जपानी घडणीच्या गाड्यांत ते जेआयएस मापाचे असतात आणि बाजारातला साधा स्टार स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खाचेत पूर्ण बसत नाही, वर चढतो आणि खाच खातो. योग्य टोकाचा स्क्रूड्रायव्हर मिळवा, उभा धरा, मुठीवर हलके ठोके द्या, खाली दाबून मग फिरवा. पिस्टन जुन्या पॅडाचा आधार घेऊन हाताच्या अंगठ्यांनी किंवा सी-क्लॅम्पने सरळ ढकला. तिरका गेला तर लीव्हर दाबून बाहेर आणा आणि पुन्हा सरळ लावा. सफाईनंतरही तो जोर मागत असेल, तर सीलच्या खोबणीत पांढरी भुकटी साठून सील पिस्टनला आवळतो आहे असं समजा. त्याला तेल-ग्रीसचा उपाय नाही. कॅलिपर उघडून खोबण प्लास्टिक किंवा पितळेच्या काडीने साफ करायची आणि नवा सील किट घालायचा. हे काम पूर्वी केलेलं नसेल तर इथे जाणत्या मेकॅनिककडे जा.

कॅलिपरवरचा ब्लीड निपल गरज नसेल तर छेडू नका. तो आतून पोकळ असतो आणि गंजलेला असला की डोक्यापाशी कट्‌कन तुटतो. उघडावाच लागला तर आधी रात्रभर तेल, मग सहा कोनी सॉकेट. आतल्या भोकात बसेल अशा ड्रिल बिटचं गुळगुळीत टोक घालून ठेवलं तर तो चेपत नाही.

स्लाइड पिना

पॅड बदलताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते यांच्याकडे, आणि नवी पॅडं लवकर संपण्याचं कारणही बहुतेक याच. कॅलिपर हाताने ब्रॅकेटवर मागेपुढे ढकलून पाहा. तो आडकाठी न करता सरकला पाहिजे. सरकत नसेल तर रबरी बूट फाटलेला असणार आणि आत पाणी गेलेलं असणार. बुटाच्या तोंडाशी थोडं तेल सोडा, कॅलिपर सरळ ओढण्याऐवजी पिनभोवती डावी-उजवीकडे फिरवत फिरवत बाहेर घ्या. पिन निघाली की जुनं वाळलेलं ग्रीस पूर्ण पुसा, भोकही कापडाची वात फिरवून कोरडं करा. मारलेल्या तेलाचा अंशही राहू नये, कारण खनिज तेलाने आतलं रबर फुगतं. त्याच कारणाने चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे वापरायचं नाही. सिलिकॉन ब्रेक ग्रीस मिळतं, तेच हवं आणि पातळ थरच हवा. दोन पिना वेगळ्या असतील तर अदलाबदल करू नका. एकीवर रबरी बुश असतो तो त्याच जागचा. बसवताना बुटात हवा कोंडते, तो बोटाने दाबून हवा सोडा.

मागे ड्रम ब्रेक असेल तर तिथे जाम होणारा भाग म्हणजे शू फाकवणारा कॅम. पेडल दाबल्यावर परत येत नाही अशी तक्रार असते तेव्हा तो कोरडा पडलेला असतो. वरची दांडी काढण्याआधी तिच्यावर आणि कॅमवर खूण करा, म्हणजे ती त्याच कोनात परत बसेल.

परत बसवताना

पिनच्या आट्यांवर अँटी-सीझचा किंवा सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. पॅडाच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला यातलं काहीही लागता कामा नये. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसूनच घ्या. पिन कसायची ती मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत. लहान गाड्यांत तो १५ ते २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे २० सेमी लांब पान्याच्या टोकाला साधारण ९ किलोचा भार. पिन पुढच्या वेळी जाम होण्याचं गंजाखालोखाल मोठं कारण म्हणजे ती गरजेपेक्षा जास्त आवळलेली असणं. बूच विसरू नका, आट्यांत पाणी जाऊ न देण्यासाठी ते असतं.

झाकण लावण्याआधी ऑइलची पातळी पाहा. डॉट ३ की डॉट ४ ते झाकणावर छापलेलं असतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. अडकलेल्या कॅलिपरमुळे घासत राहणारा ब्रेक नेमका इथे घात करतो. आंबोली किंवा वरंध घाट उतरताना ऑइल उकळलं की लीव्हर थेट मुठीला टेकतो आणि ब्रेक लागतच नाही. दोन वर्षांहून जुनं ऑइल असेल तर याच वेळी बदलून घ्या.

गाडी स्टँडवरून काढण्याआधी लीव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन आत गेलेला असतो, पहिल्या काही दाबांना ब्रेक लागत नाही. हे न करता गल्लीतून बाहेर पडलेली गाडी समोरच्या भिंतीवर जाते. मग मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगावरून पूर्ण न थांबता पंचवीस-तीस वेळा मध्यम ब्रेक लावा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या. पहिले २०० ते ३०० किमी पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.

शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी करा. चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवा, इंजिनने वेग उतरवत आणून मागच्या ब्रेकने थांबा, आणि पुढच्या डिस्कवर बोटांनी पाण्याचे दोन-तीन थेंब उडवा. थेंब नुसते ओघळले तर काम नीट झालं आहे. चर्र असा आवाज येऊन ते उडून गेले तर कॅलिपर अजून कुठेतरी धरतो आहे. तेव्हा तो पुन्हा उतरवा आणि सुरुवात स्लाइड पिनांपासून करा.